आक्काची ठमी रुळली

सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवण्यात त्या कारागिराचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. त्याची थोरली बहीण, आक्का, एकटीच राहायची. गुडघ्यांनी दगा दिला तशी ती वृद्धाश्रमात गेली, आणि तिची बसायची खुर्ची नि ठमी मांजर याच्याकडे आली. आक्काला मात्र त्याने आणलं नव्हतं. आमचा जिना फार उभा आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खोटंही नव्हतं.

खुर्ची आधी आली. ठमीला छान वाटावं म्हणून त्याने हौसेने खुर्चीचं जुनं कापड उसवलं, आतला फोम बदलला आणि जुनं सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकलं. ठमी आली, तिने खुर्ची एकदा हुंगली आणि जी कपाटामागे शिरली ती बाहेरच येईना. दुधाला तोंड लावीना. तो ओढून काढायला गेला, तर मनगटावर ओरखडे उठले.

"तिच्या घराचा वास तेवढा त्या कापडाला होता," बायको म्हणाली. "तोच तुम्ही फेकून दिलात."

त्यानंतर त्याला घास गोड लागेना. आश्रमात जाऊन त्याने आक्काची अंगावरची शाल मागून आणली. कशाला हवी ते सांगताना चाचरला. शाल कपाटापाशी अंथरली. बायकोने ती खोली ठमीसाठी मोकळी केली आणि त्याला बजावलं, की हाका मारू नका, तिच्याकडे बघूही नका, नुसते बसा. तो पाठ करून जमिनीवर बसायचा आणि उशांच्या कडा शिवायचा. हळूहळू ताटली रिकामी दिसू लागली. एके दुपारी ओढलेला दोरा पुढे येईना. वळून बघतो तर त्यावर ठमीचा पंजा.

ठमी चांगली रुळल्यावर त्याने आक्काला दिवसभरासाठी घरी आणलं. दुकानातल्या दोघा कामगारांनी तिला खुर्चीत बसवून, थट्टामस्करी करत, सहज वर आणलं. ठमीने आक्काचे पाय हुंगले, अंग घासलं, आणि जाऊन बायकोच्या मांडीवर पसरली.

आक्का बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्याकडे तिला जागा मिळाली. पुष्कळ झालं."

त्याला मान वर करवेना. मांजरीसाठी अख्खी खोली निघाली होती, आणि बहिणीसाठी जिना आडवा आला होता.

"आक्का, तू इथेच राहा," तो कसाबसा म्हणाला.

"आता नको रे. खिडकीजवळची खाट मिळालीय, शेजारीण बोलकी आहे. आत्ता कुठे झोप लागायला लागलीय मला. परत हलवू नकोस."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आता दर रविवारी तो तिच्याकडे जातो. ती शेजारणीच्या गमती सांगते, तो ऐकतो. पुन्हा विचारावं असं दर वेळी मनात येतं; पण तिला तिथे खरंच करमतंय हे दिसतं, आणि त्याला सुटल्यासारखं वाटतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला लाज वाटते.