लांबूनच जोडलेले हात

आई गेली, त्याच आठवड्यात शहाद्याच्या फायनान्स कंपनीत माझी मुलाखत होती. आज ऑफिसात नव्या प्लास्टिक फाइलचा वास आला आणि मुलाखतीची ती खोली आठवली.

लोणखेड्याहून निघताना काका म्हणाले होते, "जाय रे पोऱ्या, तुन्ही मायले हाईच पाहिजे व्हतं. फक्त कोणले शिवू नको."

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी हात पुढे केला. सुतकामुळे मी लांबूनच हात जोडले.

"ग्राहकांनाही असंच लांब ठेवणार का?" ते हसून म्हणाले.

कारण सांगणं म्हणजे आईच्या नावाने नोकरी मागणं, असं वाटून मी नवी प्लास्टिकची फाइल त्यांच्यापुढे सरकवली. बाहेर आल्यावर काचेत माझं मुंडण केलेलं डोकं दिसलं. म्हणजे त्यांना कळलं होतं? मग ते हसले का?

नोकरी मिळाली. ती माझ्या उत्तरांमुळे की दयेमुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिथेच काम करतो.