छत्र्यांखालचं गाणं

अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर शहातानं जन्मभर छत्र्या भाड्यानं दिल्या. लग्नाआधीच्या उन्हाळ्यात छत्रीछत्रीखाली रेडिओ वाजायचे. तेव्हाचं एक गाणं तो अजून गुणगुणतो. काल नात मोबाइलवर ते शोधायला बसली.

"आजोबा, ही तर तीन वेगळी गाणी आहेत! या छत्रीतलं थोडं, त्या छत्रीतलं थोडं. चालता चालता तुम्हीच जोडलंत."

शहाता ते गाणं गुणगुणू लागला आणि गोंधळून मध्येच अडला. "अगं, मग इतकी वर्षं मी गातोय तरी काय?"

"गप गं! म्हणे तीन गाणी!" त्याची बायको नबविया आतून कडाडली. त्या उन्हाळ्यात ती त्याच्या मागोमाग भाजके दाणे विकत फिरायची. "एकच होतं. मी रोज ऐकलंय."

आणि शहाता अडला होता तिथून तिनं पुढची ओळ बरोब्बर उचलली.