विभागाचं नाक

प्रयोगशाळेचा शिपाई कडुबा सकाळी पावणेदहाला तिचं कुलूप काढी. आत एकटाच जाई, सिलिंडरच्या कोपऱ्यात उभा राहून दोनदा खोल श्वास घेई आणि मगच बाकीच्यांना बोलावी. बावीस वर्षं हा रिवाज होता. सिलिंडरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असे, गटारात सुटतो तो नासक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. तो जरासा गळला तरी कडुबाला सगळ्यांच्या आधी कळे. विभागाचे प्रमुख अभय सर पाहुण्यांना त्याची ओळख करून देत, "हे आमचं सर्वांत जुनं यंत्र."

दारात आमरीन थांबलेली असे. ती पीएच.डी. करत होती. चांदीचे अतिसूक्ष्म कण काचपट्टीवर बसवले की पट्टी पिवळी दिसते, आणि हा वायू लागला की तो पिवळा रंग तपकिरी पडतो. पट्टीतून प्रकाश सोडून तो बदल मोजायचा आणि टाक्यांत, गटारांत उतरणाऱ्या माणसांच्या खिशात मावेल असं उपकरण करायचं, हे तिचं काम.

"कडुबामामा, नाक काय म्हणतं?"

"नाक म्हणतं, या."

खरं तर मे २०२१ पासून नाक काहीच म्हणत नव्हतं. करोनातून उठल्यावर बजाजनगरच्या घरात तो शेगडीजवळ पेपर वाचत बसला होता आणि दूध करपून पातेलं काळं झालं. बायको, गोजरबाई, शेजारच्या घरातून धावत आली. "इथंच बसलाय ना तुम्ही? गल्लीभर वास सुटलाय." डॉक्टर म्हणाले, येईल परत. वास परत आला नाही.

सांगावं कुणाला? नेमणुकीचं पत्र दरवर्षी नव्याने निघे. आणि नाकच गेलं म्हटल्यावर त्या खोलीत आपलं काय काम उरलं, हा प्रश्न त्याला पत्राहून मोठा वाटे. मग त्याने एक युक्ती केली. खिडकीखालच्या ट्रेमध्ये आमरीनने टाकून दिलेल्या पट्ट्या पडलेल्या असत. त्यातली एक पिवळी पट्टी तो संध्याकाळी सिलिंडरजवळ ठेवून जाई. सकाळी आत शिरून श्वास घेण्याचं नाटक करी आणि पट्टी उजेडात धरून बघी. पिवळी असली तर "नाक म्हणतं, या." साडेतीन वर्षं हे सुरळीत चाललं.

मंगळवार, १० डिसेंबर २०२४. थंडीमुळे रात्रभर खिडक्या बंद होत्या. पट्टी पिवळीधमक होती. कडुबाने आमरीनला आत बोलावलं आणि तो टपाल आणायला गेला. पाऊण तासाने परतला तेव्हा ती स्टुलाशेजारी जमिनीवर पडलेली होती. सिलिंडरची जोडणी रात्रभर झिरपत होती.

आमरीन वाचली. पण डोकेदुखी राहिली, आणि उजेड सहन होईना. प्रकाशावर काम करणारी मुलगी आता रोशन गेट भागातल्या घरात पडदे ओढून बसू लागली.

कडुबाला कुणी बोललं नाही. अभय सर उलट समजूत घालत होते, "वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, कडुबा. आमरीनलाही वास कळला नाही. तुझा काय दोष?"

फेब्रुवारीत तो तिला भेटायला गेला. ती खूश दिसली.

"मामा, प्रबंधात तुमचं नाव घालतेय. बावीस वर्षांचं मुरलेलं नाक त्या दिवशी चुकलं, म्हणूनच यंत्र हवं, असं."

"ते नका लिहू ताई."

"का? लाजता का?"

"नाक करोनातच गेलं माझं." आणि त्याने पट्ट्यांचं सगळं सांगितलं.

आमरीन म्हणाली, "डिसेंबरात ट्रेमध्ये होत्या त्या पट्ट्यांवर मी वरून पातळ थर दिला होता, जास्त टिकाव्यात म्हणून. त्यातून वायू आत शिरतच नव्हता. म्हणून तर टाकल्या."

"दिसायला सारख्याच होत्या."

"हो. सारख्याच."

तिने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. तो कपाला शिवला नाही. एकाएकी ती पुढे झुकली. "आणि त्याआधीच्या? कधी रंग बदलला होता त्यांचा?"

"पाच-सहा येळा. जरासा. मग मी खिडक्या उघडायचो, जोडणी आवळायचो, अन् मगच तुम्हाला हाक मारायचो."

"म्हणजे चालत होत्या त्या. साडेतीन वर्षं, रोज." तिने उशाची वही ओढली. "माझ्याकडे फक्त टेबलावरच्या तासाभराच्या नोंदी आहेत, मामा, खऱ्या वापराची एकही नाही. कोणत्या तारखा? किती दिवसांनी? कुठं लिहिलंय का?"

"नाय ताई. लिहिलं असतं तर सापडलो असतो."

आमरीनने ओढणी डोळ्यांवर घेतली आणि भिंतीकडे वळली. "सरांना मी सांगते," ती म्हणाली.

"नको. मीच सांगतो."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला कडुबाने कुलूप काढलं नाही. किल्ली अभय सरांच्या टेबलावर ठेवली आणि ते येईपर्यंत उभा राहिला.