सुभेदारांच्या चंदेरी काचा

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. दळण टाकायला निघावं तर वाटेत एक कानावर पडतो, परत येताना दुसरा. वर्षाच्या शेवटी बघावं तर घरात धान्यापेक्षा किस्सेच जास्त! पण सत्तर-पंचाहत्तरच्या त्या काळात, आमच्या विश्रामबागेतल्या सुभेदारांच्या घरानं एका उन्हाळ्यात जेवढे किस्से दिले, तेवढे बाकी सगळ्या सांगलीनं मिळून दिले नसतील. आणि मी पडले त्यांच्या समोरच्या घरात. रोज खिडकी उघडली की समोर तेच! माझा काय दोष, सांगा!

*

सुभेदार मूळचे उंब्रजचे. मिलिटरीतून पेन्शनीत आले आणि इथं प्लॉट घेऊन बंगला बांधला. वर स्लॅब, पुढं हॉल आणि हॉलला रस्त्याच्या बाजूनं गुडघ्यापासून छतापर्यंत नुसत्या काचा! दिल्लीत कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याला बघितल्या होत्या म्हणे.

त्यांची बायको हौसाक्का पायाभरणीपासून सांगत होती, "आवं, पश्चिमेचं ऊन हाय. खिडक्या ल्हान ठेवा."

सुभेदार म्हणायचे, "तुला मॉडर्न काय कळतंय?"

एप्रिल लागला आणि मॉडर्न कळलं! लाइट गेली तर असावी म्हणून खिडकीत ठेवलेली मेणबत्ती दुपारी चारला कमरेत वाकली. हौसाक्कानं ती उचलून नवऱ्यापुढं धरली. "बघा, ही बी वाकून नमस्कार करतीया. म्हणती, येते मी."

दुसऱ्या दिवशी हौसाक्का स्वतःच उंब्रजला, कौलारू घरात निघाली. एस.टी.त बसताना माझ्या देखत नवऱ्याला म्हणाली, "घर निवू द्या. आन 'खिडक्या ल्हानच पायजे हुत्या' एवढं तुमच्या तोंडानं म्हना. मग येते."

गाडी गेली. सुभेदार बराच वेळ धुरळ्याकडं बघत उभे. दोन लढाया बघितलेला माणूस, पण हे एक वाक्य काही त्याच्या घशातून निघेना!

*

मग उपाय सुरू झाले. पहिल्यांदा काचांवर ओली गोणपाटं. ती वाळली, पुन्हा भिजवली, पुन्हा वाळली. शेजारचे आण्णा चौगुले, धान्याचे व्यापारी, आत डोकावून म्हणाले, "सुभेदार, घर हाय का माझं गोडाऊन?"

मग काचांना चुना फासला. ऊन थोडं कमी झालं, पण हॉलमध्ये भर दुपारी अंधार. त्या अंधारात सुभेदारांनी आमच्या ह्यांना चहा करून दिला. ह्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काय हो, गोड कमी झाला का?" सुभेदार.

"नाही," आमचे हे म्हणाले, "मीठ जरा जास्त आहे."

*

सुभेदारांचा भाचा बोटीवर नोकरीला. त्यानं मामाची चिठ्ठी वाचली आणि परदेशातून एक गुंडाळी पाठवली. चंदेरी कागदच म्हणा, पण पातळ, आरपार दिसणारा. काचेला आतून चिकटवायचा. ऊन बाहेरच्या बाहेर परत जातं आणि आत गार, असं भाच्यानं लिहिलेलं.

आण्णा आणि सुभेदार लागले कामाला. चुना धुऊन काढला. मग साबणाचं पाणी मारायचं, कागद बसवायचा, दाबायचा. पहिल्याच काचेवर एवढाले बुडबुडे! एक दाबला की शेजारी दुसरा. आण्णा म्हणाले, "सुभेदार, काचेला देवी आल्यात!"

मी आपली सहज दारात उभी होते. राहवेना. म्हटलं, "व्हा बाजूला! पुरणपोळी कधी लाटली नाही वाटतं? मधून कडेला सारायचं. आत हवा राहिली की पोळी फुटणारच!"

जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला आणि मधून कडेला, मधून कडेला अशी सारत गेले. बुडबुडा कडेपर्यंत गेला आणि फुस्स! बाकीच्या काचा अशा बसल्या की नख फिरवलं तरी अडायचं नाही. पहिली मात्र तशीच राहिली, देवीच्या व्रणांसकट.

आणि खरंच हो! त्याच दुपारी हॉलमध्ये फरशीवर पाय ठेवला, तर फरशी गार! आण्णा तर तिथंच आडवे झाले. म्हणाले, "आता मला उठवायचं न्हाई."

*

या कागदाची एक गंमत होती. दिवसा बाहेरून बघितलं की नुसता आरसा. आतल्याला मात्र बाहेरचं सगळं दिसायचं.

हे पहिल्यांदा कळलं एका बोकडाला. गल्लीत हिंडताना त्याला काचेत दुसरा बोकड दिसला. यानं मान खाली घातली, त्यानंही घातली. हा चार पावलं मागं सरला, तोही सरला! आत सुभेदार दोन्ही हात हलवून ओरडताहेत, "हट्! हट् रं!" पण बोकडाला ते दिसतील तर ना!

शेवटी सुभेदार काठी घेऊन धावत बाहेर आले आणि बोकडाच्या मागं उभे राहिले. बोकडानं काचेत बघितलं. पुढं एक बोकड, एक सुभेदार. मागं आणखी एक सुभेदार. एकाविरुद्ध तीन!

बोकड शहाणा होता. मुकाट्यानं गेला.

*

माणसं तेवढी शहाणी नव्हती. दूधवाला कॅन खाली ठेवून मिशीला पीळ द्यायचा. कॉलेजच्या मुली रिबिनी सारख्या करायच्या.

एकदा आण्णा जेवून दुकानाकडं निघाले. काचेपुढं थांबले, इकडंतिकडं बघितलं, कोणी नाही. मग 'आ' वासून काडीनं दात कोरायला लागले. चांगली पाच मिनिटं. समाधान झालं, तोंड मिटलं, टोपी सारखी केली.

आतून आवाज आला, "आण्णा, डावीकडं अजून कोथिंबीर हाय!"

*

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते. बायको नाही घरात, माणूस जेवतो काय, राहतो कसा, याची शेजाऱ्यांना काळजी नको? एका दुपारी गेले काचेपाशी. काही दिसेना. नाक टेकवलं, दोन्ही हातांचा आडोसा केला. तसं केलं की आतलं दिसतं, हे मी तेव्हाच शोधून काढलं.

आणि दिसलं काय? सुभेदारांच्या मिशा! चार बोटांवर!

"वैनी," मिशा म्हणाल्या, "च्या ठेवलाय. दारानं या की."

*

पण कागदाची खोड एवढ्यावर संपत नव्हती. दिवेलागणीला सगळं उलटं व्हायचं. आत बल्ब लागला की बाहेरच्याला सगळं दिसायचं आणि आतल्याला आरसा. बाहेरून दिसतं, हे सुभेदारांना माहीत नव्हतं. सांगणार कोण?

रोज सातच्या सुमारास ते भाकरी थापायचे. ती मोडायची. मोडलेली दुधात कुस्करून खायचे. मग काचेपुढं येऊन ताठ उभे राहायचे आणि काचेला काहीतरी सांगायला तोंड उघडायचे. दोन शब्द होत असतील नसतील, की थांबायचे. मान हलवायचे. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथंच अडायचे.

आवाज काही येत नव्हता. पण मला काय, ऐकायची गरजच नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी मला हाताला धरून आत ओढलं. "बघू नये."

मी म्हटलं, "बरं." आणि एक पोस्टकार्ड घेतलं. उंब्रजच्या पत्त्यावर लिहिलं, 'हौसाक्का, घर निवलं आहे. बाकीचं येऊन बघ.' सुभेदारांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते!

*

एव्हाना रोज दुपारी त्या गार हॉलमध्ये आमचा अड्डाच पडायचा. त्या दिवशीही मी गहू निवडत होते, आण्णा आडवे, त्यांची बायको सुपारी कातरत होती, आमचे हे पेपर वाचत होते. चारचं ऊन रस्त्यावर रटरटत होतं.

आणि बाहेर काचेपुढं येऊन उभी राहिली हौसाक्का!

हातात पिशवी, तोंड उन्हानं लाल. सुभेदार खुर्चीतून अर्धे उठले, तसेच राहिले. हौसाक्काला वाटलं, आरसाच आहे. तिनं पदरानं तोंड पुसलं, कुंकू सारखं केलं. मग कपाळाला आठ्या घातल्या. बघितल्या. पुरेशा वाटेनात, आणखी दोन घातल्या. बोट उगारून काहीतरी दटावलं. आणि मधेच, काय झालं कोण जाणे, तिला हसू फुटलं. पदर तोंडात धरून खुदूखुदू हसली! मग भानावर आली. पुन्हा आठ्या. पुन्हा हसू. डोळे पुसले. पुन्हा पहिल्यापासून आठ्या.

मी मान पुढं काढली, तेवढ्यात सुभेदार दबक्या आवाजात, पण असे गरजले, की मिलिटरीत काय असतील ते कळलं!

"सगळे! पीछे मुड!"

आण्णासुद्धा झोपेतून उठून वळले. आम्ही चौघं बसल्या जागी भिंतीकडं तोंड करून गप्प. मीसुद्धा! जन्मात एवढी भिंत मी कधी बघितली नव्हती.

कडी वाजली. दार उघडलं. हौसाक्काचा आवाज आला, अगदी कडक. "काय म्हननं हाय तुमचं?"

मग सुभेदार बोलले. न अडता, रस्त्याच्या टोकाला ऐकू जाईल असं.

"खिडक्या ल्हानच पायजे हुत्या, हौसा."

पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. बराच वेळ दुसरा कुठलाच झाला नाही. आण्णांच्या बायकोच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा.

मग हौसाक्का म्हणाली, "आन ही मंडळी भिंतीकडं तोंड करून का बसल्यात?"

"रंग बघत्यात," सुभेदार म्हणाले. "भिंतीचा."

"व्हय?" हौसाक्का म्हणाली. "मग बसू द्या त्यास्नी तसंच, अजून घटकाभर."