मितूला घेऊन दगडी बुद्धापाशी

आमच्या एकलहऱ्याच्या क्वार्टरमधलं सागवानी कपाट, दोन हातांच्या खुर्च्या, बायकोच्या शिवणयंत्राचं झाकण, मुलीची तीनचाकी सायकल आणि भिंतीवरच्या घड्याळाची पेटी हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलेलं आहे. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. वीजकेंद्रात वेल्डर आहे, लाकूड हा घरचा नाद. वस्तू कशी उभी आहे हे मला बघताक्षणी कळतं, असा माझा समज होता.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात कोणीतरी म्हणालं, नाशकातल्या एका संग्रहालयात बुद्धाचं जुनं दगडी शिर आहे. आमची मुलगी मितू तेव्हा साडेचार वर्षांची. तिला विहारातली प्लास्टरची मूर्ती तेवढी माहीत. म्हटलं, दगडातलं काम दाखवू.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. एकलहऱ्याहून नाशिक रोडला सकाळची पहिली बस पकडा, नंतरची कामगारांनी भरून येते. तिथून सिटी बसने शालिमार, पुढे पायी. मूल मांडीवर घेतलंत तर कंडक्टर तिकीट मागत नाही. मिसळ खायची तर मुलासाठी वेगळं दही मागून घ्या. मितूने माझ्या ताटलीतली तर्री चाखली आणि पुढचा अर्धा तास जीभ बाहेर काढून चालली.

संग्रहालयाच्या दारावरचा पहारेकरी म्हसरूळकडचा, पांढऱ्या मिशांचा. "एवढी बारकी पोर आत? काय कळनार हाय तिला?"

"बाबांपेक्षा जास्त," मितू म्हणाली.

"लय शानी हाय. सायेब, हात सोडू नका बरं हिचा."

खाली तलवारी नि चित्रं. चित्रांसमोर मितू कंटाळली. वरच्या दालनात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. खिडकीपाशी कमरेएवढ्या उंच लाकडी तिवईवर ते शिर ठेवलेलं. कुरळ्या केसांची एकेक गुंडी मोजून घ्यावी इतकी नेटकी. मी त्यात गुंतलो आणि तिचा हात सुटला.

मितू थेट तिवईपुढे मांडी घालून बसली. नीट बसत नाही म्हणून तिने पाय पुढे सरकवले, तिवईच्या दोन पायांच्या आत. कट् असा आवाज झाला. आखूड पायाखाली घातलेली लाकडाची चकती निसटली होती. तिवई पुढे कलली आणि शिर घसरलं.

मी दोन्ही हातांनी आणि छातीने ते अडवलं. गार दगड गालाला लागला. खाली बरोबर मितूचं डोकं.

"पहारेकरी!" मी हाक मारली, पण दबक्या आवाजात. ती दचकली असती, पाय ओढले असते, तर तिवईच गेली असती.

आमच्या मागोमाग जिन्यापर्यंत आलेला म्हातारा धावत आला. त्याने तिचा दंड धरून ओढायला घेतलं, लाकूड करकरलं. "ओढू नका! दगडाला हात लावा!"

"आमाला हात लावायची परवानगी नाय हो, नोकरी जाईल! सायबाला आनतो!" तो जिन्याने पळाला.

"मितू, हळूच पाय काढ आणि मागे सरक."

मितूने डोळे मिटले होते, हात जोडले होते. तिने त्रिसरण सुरू केलं. वंदना संपल्याशिवाय उठायचं नाही, हे विहारात मीच तिला शिकवलेलं. आता ती माझंच ऐकत होती.

मग मीही म्हणू लागलो, तिच्याबरोबर, तिच्या संथ चालीत. पंचशीलातलं तिसरं शील आलं तेव्हा माझी मनगटं भरून आली. चौथ्यानंतर राहवेना, मी सरळ वंदना संपवणारं "साधु, साधु, साधु" म्हणून टाकलं.

तिने एक डोळा उघडला. "बाबा, पाचवं राहिलंय."

पाचवं म्हटलं. एक शब्द न गाळता. मग तिने पाय एकेक करून बाहेर काढले आणि तिथेच कपाळ जमिनीला टेकवलं. तीनदा. तिसऱ्यांदा डोकं वर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही. ती उठून बाजूला झाली तेव्हा संग्रहालयाचे साहेब आणि म्हातारा जिन्यावर दिसले. तिघांनी मिळून शिर जमिनीवर ठेवलं.

"यांचं नाक कोणी तोडलं?" मितूने साहेबांना विचारलं. साहेब घाम पुसत तिवईचा आखूड पाय बघत होते.

घरी बायकोने, कमलने, सगळं ऐकलं, मितूचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "अहो, पुन्हा नेऊ नका हिला." मितू म्हणाली, "मी जाणार." त्या रात्री माझे हात भाकरी मोडायलाही तयार नव्हते. आजही कुठे मूल मांडी घालून बसलं, की माझी नजर आधी त्याच्या डोक्यावर काय आहे ते बघते.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला म्हणून गेलो. त्यांना नवी तिवई हवी होती. शिवाय शिराभोवती कठडा आणि सहा वर्षांखालच्या मुलांना बंदीची पाटी.

"तिवई लाकडाच्या भावात करून देतो," मी म्हणालो. "कठडा नाही."

"अहो, तुमचीच मुलगी मरता मरता वाचली!"

"ती बसली म्हणून नाही घसरलं, साहेब. पाय आखूड होता म्हणून घसरलं. बसायला जागा ठेवा."

"काम तिन्ही मिळूनच मंजूर आहे. घ्यायचं तर सगळं घ्या."

कमल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण रक्कम माझ्या पगाराहून जास्त होती. तिवई, कठडा आणि पाटी मिळून नऊशे रुपये. मी नाही म्हणालो.