दिव्याचं मीटर

अंबडच्या रामकिसनमामा खरातांना ओळखत नाही असा माणूस घनसावंगी रोडला सापडायचा नाही. एकतीस वर्षं एसटी चालवली आणि एकतीस वर्षं एकच गोष्ट ज्याला त्याला ऐकवली, "गाडी कानानं चालवायची असती, डोळ्यानं न्हाई." नव्या ड्रायव्हरनं गिअर टाकायला जरा उशीर केला की मामा मागच्या सीटवरून डोळे न उघडता ओरडायचे, "आरे तिसरा टाक, रडून राह्यली ती!" बोलून बसला ना माणूस! आता तेच अंगलट आलं होतं.

रिटायर झाल्यावर मामांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. मागं दिवाण ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली. पडदे मामीनं शिवले. गल्लीतले तिला घरगाडी म्हणायला लागले. मामी म्हणजे बेबीनंदाबाई, अंगणवाडीतून गेल्या मार्चात सुटल्या. दिवाळी झाली की दोघांनी ह्याच गाडीतून बोधगयेला जायचं, वाटेत वाटेल तिथं थांबायचं, असं ठरलं होतं. बोधगया तर मामांनी लग्नाच्या वर्षीच कबूल केली होती.

आणि मे महिन्यात घोटाळा झाला. मामा एकटेच जाफराबादहून येत होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच सहा-सात किलोमीटर पळाली, इंजिन जीव तोडून बोंबललं आणि ह्यांना पत्ता नाही! धूर निघाला तेव्हा थांबले. इंजिनाचं हेड गॅस्केट तापून खलास. "रेडिएटरला पाणी कमी होतं," असं मामांनी घरी-दारी ठोकून दिलं. खरं काय ते त्यांचं त्यांना ठाऊक. खिडकीकडचा उजवा कान केव्हाच गेला होता आणि डावाही निम्माच उरला होता. पुण्याच्या मुलाला, मिथुनला, हे कळलं असतं तर त्यानं येऊन आधी चावी खिशात घातली असती. मंग कुठली बोधगया?

तेव्हा मामांनी ठरवलं, कानाचं काम डोळ्याला द्यायचं. इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारं आरपीएम मीटर बसवायचं. जुन्या गाडीला ते मुळात नव्हतंच. एवढीशी गोष्ट, पण तिनं मामांना नुसतं पिदवलं.

पहिलं मीटर मोबाइलवरून मागवलं. दिसायला झकास, पण काटा जागचा हलेना. जालन्यात गाड्यांची वायरिंग करणारा हरिओम ते बघून हसायला लागला. "मामा, हे पेट्रोलवालं हाय. प्लगची ठिणगी मोजतंय. तुमच्या डिझेलला ठिणगी मी कुठून आणू?"

दुसरं डिझेलचं आणलं. ते बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवरून मोजणारं, आणि ह्यांचा अल्टरनेटर इतका जुना की मीटरची वायर जोडायला त्याला जागाच नाही. तो खोलून आतून वायर काढण्यात दोन दिवस गेले. सगळं होऊन मीटर चालू झालं तर आकडे मुंगीएवढे! चष्मा लावून ते वाचायचे तर रस्ता कोणी बघायचा? मामांचं डोकं फिरलं. आणि वरून जो तो विचारणार, "तुम्हाला कशाला हो मीटर? तुम्ही तर कानानं चालवणारे!"

"तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं कर!" मामा खेकसायचे.

तिसऱ्या खेपेला हरिओमनं दोन मीटरं समोर ठेवली. "हे बघा मामा. इंजिन जास्त फिरलं की ह्याच्यात लाल दिवा लागतो, आन् हे दुसरं शिट्टी मारतं. दिव्याकडं कोण बघत बसतं? शिट्टीचंच घ्या."

आता तरी बोलायचं की नाही! पण नेमके दुकानात अण्णासाहेब उभे होते, मामांचे जुने कंडक्टर. ते कौतुकानं म्हणाले, "ह्यांना शिट्टीबी नको. ह्यांचा कान म्हणजे कान हाय."

"शिट्टीचंच दे," मामा म्हणाले. काय म्हणावं ह्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी मामीला घेऊन ते घनसावंगीकडं निघाले. गाडी मस्त पळत होती, मीटर गुमान होतं. मामा खूश. शेजारी मामी दोन्ही कानांवर हात दाबून काहीतरी म्हणत होती. "हां, हां," मामा म्हणाले. शेवटी तिनं त्यांचा दंड धरून गदागदा हलवला. मामांनी गाडी बाजूला घेतली, पण पाय रेसवरच होता.

"कवाचं किंचाळून राह्यलंय ते! तुम्हाला ऐकू येत न्हाई का?"

वायर ढिली झाली असेल, हे मामांच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी पाय काढला.

"न्हाई येत," ते म्हणाले. "इंजिनबी न्हाई, हेबी न्हाई. दुकानात दिव्याचंबी होतं, मी लाजंखातर शिट्टीचं घेतलं."

आता मिथुनला फोन जाणार, चावी जाणार, असं धरूनच ते बसले. मामीनं भलतंच विचारलं.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली आसतील."

मामी एकदम भडकली. "आन् मी काय समजले? रिटायर झाल्यापासून ह्यांना माझं बोलणं नको झालंय! मी चुलीपुढून बोलायची आन् तुम्ही नुसतं हां हां. रडले मी, ठाऊक हाय? मंग बोलणंच सोडलं. एका शब्दानं सांगायला तोंडाला कुलूप होतं का?"

मे महिन्यात इंजिन गेलं तेव्हा मामांना वाईट वाटलं होतं, पण हे फार वाईट होतं. घरात दोन वर्षं इतकं शांत का होतं, ते त्यांना आज कळलं.

"दिव्याचं मीटर उद्या घेऊ," मामी डोळे पुसत म्हणाली. "कानाच्या डॉक्टरकडंबी उद्याच. मिथुनला काय सांगायचं ते मी बघते."

मामांनी मान हलवली आणि गिअरला हात घातला. तिनं तो हात धरला.

"आधी इंजिन बंद करा."

त्यांनी चावी फिरवली.

"डावा कान इकडं करा," ती मोठ्यानं म्हणाली. "दोन वर्षांचं सांगायचं हाय."