बुडालेल्या शेतावरची मोठी होडी

आज सकाळी मोठ्या इंजिनाच्या होडीनं माझ्या सुनेचं जाळं फाडलं. राम राम मंडळी, आता ऐका.

डिंभ्याच्या धरणात आमची शेतं गेली. तवापासून ज्याचं शेत जिथं बुडालं, तिथंच त्यानं जाळं लावायचं, असं आमी ठरवलं व्हतं. वल्ह्याच्या होडीला तेवढं पाणी पुरतं.

ही मोठी होडी माझा पुतण्याच चालवत व्हता. म्हणला, "काकू, इंजिन दांडगं हाय, लगेच वळत न्हाई."

"मग लहान घे की, मुडद्या! खाली तुझ्या चुलत्यानं नांगरलेलं शेत हाय."

"आता कुठं दिसतंय शेत?"

जमीन गेली, आता पाणीबी चाललं.

ह्या व्हिडिओखाली "बिचारी आजी" लिहून हात जोडू नका. होडी केवढी, इंजिन केवढं, हे ठरवणं ज्या सरकारी साहेबाच्या हातात हाय, त्यानंच उत्तर द्यावं.